बिळाच्या तोंडाशी

लाल दिव्याला गाडी थांबली आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसांत ऑब्री जेफ्थाला आपली मुलगी दिसली. अंगात कुणा पुरुषाचं जाकीट, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या, डोकं किंचित पुढे, वाऱ्याला खांदा दिलेला. अशी ती गाडीच्या बॉनेटला जवळजवळ घासून गेली आणि तिने आत पाहिलं नाही. केझाया जोहान्सबर्गला होती. निदान उन्हाळ्यात तिने फोनवर तसं सांगितलं होतं. मैत्रिणीबरोबर राहतेय, एका पार्लरमध्ये काम मिळालंय, नंबर बदलणार आहे, नवा कळवते. नवा नंबर कधी आला नाही, पण जोहान्सबर्ग आलं होतं, आणि ऑब्रीने ते घट्ट धरून ठेवलं होतं. मुलगी दूर असली की तिच्याबद्दल मऊपणाने विचार करता येतो. दिवसभर रस्ता कापावा तेव्हा येणारं शहर, तिथला कोरडा हिवाळा, कुणाच्या तरी केसांतून फिरणारे तिचे हात. आणि ती तर इथे बेलव्हिलमध्ये होती, फूरट्रेकर रोडवर, त्याच्या घरापासून इतकी जवळ की त्याची बायको वेरोना रविवारी इथे भाजी घ्यायला येई. मागच्याने हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. ऑब्रीने गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी पुढे नेली.

नंतर दिवसभर त्याला हेच कळेना. त्याला कुणी ढकललं नव्हतं. गाडी कडेला घेता आली असती, काच खाली करून हाक मारता आली असती. पण पाय हलला होता तो पुढे जाण्यासाठी, आणि आपण तो हलताना नुसता बघत होतो असं त्याला वाटलं. शहराकडे जाताना तो स्वतःची समजूत घालत राहिला की ती केझाया नसेलच, तशी दिसणारी कुणी असेल. पण बोटभर जबड्याच्या तुकड्यावरून प्राण्याची जात सांगण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला पोटच्या पोरीबद्दल 'खात्री नाही' म्हणता येईना. चालताना डावा खांदा वर उचलायची ती सवय त्याच्या आईची. फ्रेझरबर्गच्या माळावर, दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे जन्म काढलेल्या नवऱ्याला भाकरी पोचवायला जाणारी आई याच चालीने जाई, आणि मैलावरूनही तो तिला ओळखत असे. वेरोनाने घराचं कुलूप बदललं त्या दिवशी केझाया फाटकातून बाहेर गेली तीही याच चालीने. आधी घरातली किटली गेली होती, मग वेरोनाच्या आईचं भिंतीवरचं घड्याळ, मग त्याचा कामाचा लॅपटॉप. मग एका सकाळी वेरोना न्यायालयात जाऊन मुलीने घराजवळ फिरकू नये असा हुकूम घेऊन आली आणि कुलूपवाल्याला बोलावलं. ऑब्री तेव्हा बोळकांडीत उभा होता. कुलूपवाल्याने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि तो बाजूला झाला.

संग्रहालयाच्या तळघरात बुलेलवा त्याची वाटच बघत होती. स्कॅनचं काम तीच बघे. त्याच्याकडेच शिकून मग परदेशी जाऊन आलेली, स्पष्ट बोलणारी बाई. पडद्यावर राखाडी रंगात ते बीळ फिरत होतं. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी कारूच्या कोरड्या माळावर कुणीतरी खणलेलं, एका पुरात गाळाने भरून गेलेलं, आणि आतल्या जिवांसकट दगड झालेलं. मांजराएवढे ते प्राणी, सरड्यासारखे बाजूला पसरलेले पाय आणि कुत्र्यासारखे सुळे. म्हणून ऑब्री त्यांना आपला श्वानदंती म्हणे. यांचेच वंशज पुढे कधीतरी दूध पाजणार होते. ऑब्रीचं सगळं वय एका प्रश्नात गेलं होतं: पिलांजवळ थांबायला कोण शिकलं, आणि केव्हा. कासवीण अंड्यांवर वाळू लोटते आणि मागे वळून न बघता समुद्रात जाते. मगर मात्र शिकार फाडणाऱ्या त्याच जबड्यात पिलं धरून अलगद पाण्यात सोडते. पक्षीण उपाशी बसून अंडी उबवते. आणि आपण, दुधावर वाढलेले. सरपटणारे, पक्षी आणि सस्तन यांच्या वाटा फुटल्या त्याच्या आधीच ही माया कुणाच्या तरी अंगात होती, की ज्याने त्याने ती आपापल्या वाटेवर, आपापल्या गरजेने शोधून काढली? त्या बिळात एक मोठं जनावर होतं आणि तीन लहान. पूर आला तरी आई पिलांना सोडून गेली नाही, असं ऑब्रीने लिहिलं होतं. त्याच्या भाषणांत हे वाक्य आलं की सभागृह शांत होई.

"प्रोफ, बसा आधी," बुलेलवा म्हणाली.

"उभा आहे तो बरा आहे. दाखव."

"नवीन स्कॅन बारीक आलाय. हे मोठीचं डोकं, बिळाच्या तोंडाकडे. पुढचे पाय ताणलेले. आतापर्यंत आपण म्हणत होतो, ती वाट अडवून बसलीय, पिलांना पाठीशी घालून."

"बरं मग?"

"मधल्या पिलाच्या बरगड्या बघा. मोडल्यात. जिवंतपणी ओलं हाड मोडतं तशा मोडल्यात, नंतर दगडाखाली चेपून नाही. आणि वर मोठीचा भार आहे." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "ती पिलांच्या अंगावरून बाहेर निघाली होती, प्रोफ."

ऑब्री पडद्याकडे बघत राहिला. बरगड्या काडीइतक्या बारीक होत्या. "अंधारात पाणी शिरलं असेल," तो म्हणाला. "तिला कळलं नसेल खाली काय आहे."

"असेल. नसेलही. हाडांत ते लिहिलेलं नसतं, तुम्हीच शिकवलंत." मग जरा मऊ आवाजात, "लेख मागे घ्यायला नको. एक वाक्य बदललं की झालं."

एक वाक्य. तो दगड मुळात केझायाचा होता. नऊ वर्षांची असताना तो तिला शाळेच्या सुट्टीत खोदकामावर घेऊन गेला होता, आणि ती दिवसभर उन्हात इकडून तिकडे बागडून शेवटी एका गोल धोंड्यावर डबा खायला बसली. "डॅडी, हा बोचतोय," ती म्हणाली. बोचत होतं ते सुळ्याचं टोक होतं. मग ते जनावर झोपायचं कसं, ते त्याने तिला सांगितलं, आणि ती खोदलेल्या खड्ड्यात उतरून अंगाचं मुटकुळं करून पडली. गुडघे पोटाशी, नाक कोपरात. "अशी?" "अशीच." तापलेल्या दगडाचा वास, दुपारचं ते करड्या रंगाचं, वारा पडलेलं आकाश, आणि खड्ड्यात डोळे मिटून पडलेली आपली मुलगी. त्या क्षणी त्याला जे वाटलं ते सुख होतं हे त्याला फार नंतर, ते संपल्यावर कळलं. पडद्यावरचं बीळ सावकाश फिरून पुन्हा समोर आलं. ऑब्री बुलेलवाला म्हणाला की मला जरा बाहेर जायचं आहे. ती काही विचारणार होती, पण त्याने जाकीट उचललं होतं.

बेलव्हिल स्टेशनामागे टॅक्स्यांचा तळ आहे, त्याच्या कडेला कुंपण, कुंपणाशी पुठ्ठे टाकून बसलेली माणसं. ऑब्री त्यांच्यामधून चालत गेला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. आपल्या माणसाला शोधत फिरणारे त्यांना रोजचे असावेत. केझाया चिप्सच्या दुकानाच्या आडोशाला, भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली, त्याला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी पळून जायचा विचार आला आणि मग कंटाळा.

"प्रोफेसर साहेब," ती म्हणाली. "आज दगडांना सुट्टी?"

"सकाळी तुला पाहिलं. सिग्नलला."

"मीपण पाहिलं. तुम्ही गेलात."

त्याने तिला बटाट्याच्या गरम चिप्स घेऊन दिल्या, खूप व्हिनेगर घातलेल्या, लहानपणी आवडायच्या तशा, आणि बाहेर गार आहे म्हणून गाडीत बसून खा म्हणाला. ती खाताना त्याने पाहिलं की वरचे पुढचे दोन दात नाहीत आणि डावीकडची दाढ काळी पडलीय. ती उजवीकडून चावत होती, आणि जबडा प्रत्येक घासाला किंचित तिरका सरकत होता. जन्मभराच्या सवयीने त्याची नजर तिथेच अडकली. किती दिवसांपासून दुखत असेल, मूळ सडलं असेल का, हाडापर्यंत गेलं असेल का. केझायाने अर्ध्या चिप्स खाल्ल्या, उरलेल्या कागदात काळजीपूर्वक गुंडाळून जाकिटाच्या खिशात ठेवला. "थोडा वेळ झोपू?" तिने विचारलं. लहानपणी विचारे तसं, परवानगी मागून. "इथे गरम आहे." आणि तो हो म्हणायच्या आत ती सीट मागे पाडून झोपली होती.

तिच्या अंगाला धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता आणि त्याखाली कुठेतरी तिचा स्वतःचा. ऑब्री हालचाल न करता बसला. काचेबाहेर टॅक्सीवाले गिऱ्हाइकांना ओरडून बोलावत होते. एक माणूस बादलीभर पाणी घेऊन त्याच्या काचा पुसू का विचारायला आला, आणि आत झोपलेली मुलगी पाहून न विचारताच परत गेला. मग ऑब्रीने दारांची कळ दाबली. चारही दारांची कुलुपं एकदम खाली गेल्याचा आवाज झाला. ती हलली नाही. त्याने गाडी सुरू केली. कुठे जायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. घरी न्यावं तर न्यायालयाचा हुकूम, व्यसन सोडवायच्या ठिकाणी न्यावं तर तिथून ती दोनदा निघून आलेली. गाडी आपोआप मोठ्या रस्त्याला लागली, द्राक्षांच्या मळ्यांमधून डोंगराकडे. याच रस्त्याने तो दरवर्षी कारूकडे निघे. डोंगर ओलांडला की ओल मागे राहते, आणि पुढे सगळा माळ, मेंढ्या, सपाट डोक्याच्या टेकड्या, आणि फ्रेझरबर्गला त्याच्या बहिणीचं घर. तिथे जवळपास नशेचं काही मिळत नाही. तिथे नुसतं चालता येतं. कितीही चाललं तरी कुठे पोचता येत नाही. हळूहळू त्याच्या मनात एक खोली तयार झाली. बहिणीच्या घरातली मागची खोली, लोखंडी पलंग, मेंढीच्या लोकरीची गोधडी. त्या खोलीत त्याने केझायाला झोपवलं, तिला सूप पाजलं, ती शिव्या देईल त्या ऐकून घेतल्या, तिचे दात नीट करून घेतले. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि डोंगर काळा दिसत होता, आणि ऑब्री जेफ्था कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करत होता.

ती बोगद्यात जागी झाली. पिवळे दिवे एकामागून एक तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते. आधी ती नुसती बघत राहिली, मग ताठ झाली.

"डॅडी. हे काय आहे? कुठे चाललोय?"

"आत्याकडे. फ्रेझरबर्गला. थोडे दिवस."

"मला विचारलंत?"

"तू झोपली होतीस."

तिने दाराची कडी ओढली. उघडलं नाही. पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी, मग खांदा मारून. "दार उघडा. डॅडी, दार उघडा. मला श्वास घेता येत नाहीये." ती ओरडत नव्हती, त्याला वाटलं ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, आणि ती काचेवर तळवे फिरवत होती, जणू कुठेतरी फट असेल ती हाताला लागेल. बोगद्यात थांबायला जागा नव्हती. मागे ट्रक होता. "थांब, केझी, आलंच तोंड, आलंच," तो म्हणत राहिला, आणि पुढे फार दूर उजेडाचा एक ठिपका दिसत होता, तो मोठाच होईना. तिने सीटवर गुडघे रोवले, मग ती मागच्या सीटवर जाण्यासाठी त्याच्या खांद्यावरून वर चढू लागली. तिचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं, गाडी भिंतीकडे गेली, त्याने ती सावरली. तिचं वजन त्याच्या खांद्यावर पडलं तेव्हा त्याला धस्स झालं ते अपघाताच्या भीतीने नाही, ते वजन किती कमी होतं त्याने.

बाहेर आल्याबरोबर त्याने गाडी कठड्याशी थांबवली आणि कळ दाबली. ती दार उघडून बाहेर पडली आणि शहराच्या दिशेने, उलटी, कडेकडेने चालू लागली. वाऱ्याने जाकीट फुगलं होतं. ट्रक हॉर्न देत जात होते. ऑब्री तिच्या मागे गेला. धावला नाही, आपण धावलो तर ती रस्त्यावर धावेल हे त्याला कळत होतं. तिच्या मानेवर केस ओले होऊन चिकटले होते, तिथेच बघत तो चालला. बोगद्याच्या तोंडाशी, जिथे पायी जायला मनाई होती, तिथे ती थांबली आणि कठड्याला धरून खाली बसली. खाल्लेल्या चिप्स उलटून पडल्या. तो शेजारी टेकला.

"मला परत नेऊन सोडा," ती तोंड पुसत म्हणाली.

"घरी?"

"जिथून उचललंत तिथे."

"तिथे तू मरशील, केझाया."

"डॅडी, तुम्ही आत्याकडे मला ठेवाल. आठवडा जाईल. मी गोड बोलेन, भांडी घासेन, आत्या म्हणेल पोरगी सुधारली. मग आत्याचं काहीतरी घेऊन मी पळेन. मग आत्यापण कुलूप बदलेल." ती दमली होती, समजावून सांगत होती, जसं आपण म्हाताऱ्यांना सांगतो. "आपण केलंय हे सगळं. कशाला आत्याला त्यात घेता."

बाप माणसाकडे अशा वेळी काहीतरी असतं, असं त्याला नेहमी वाटत आलं होतं. एखादं वाक्य, एखादा हात. त्याने हात तिच्या पाठीवर ठेवला. जाकिटातूनही एकेक मणका बोटांना लागत होता आणि त्याची बोटं, त्याने नको म्हटलं तरी, ते मोजू लागली. त्याने हात काढून घेतला. "चल," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर दारं उघडी होती, म्हणजे कुलुपं वर होती. ती शांत बसली. पार्ल गावाच्या जवळ आल्यावर तिने विचारलं, "माझा दगड फोडलात का? त्यात काय निघालं?"

"फोडावा लागत नाही आता. आरपार दिसतो. एक मोठी आहे, तीन पिलं."

"मेली सगळी?"

"पूर आला होता."

"आणि मोठी पळाली नाही?"

पुढच्या काचेचा वायपर एकदा इकडून तिकडे गेला. "नाही," ऑब्री म्हणाला. "थांबली ती. पिलांजवळ."

केझाया हसली, दातांमधली मोकळी जागा हाताने झाकून. "थांबली कशाला असेल, डॅडी. वाट सापडली नसेल तिला."

स्टेशनामागे त्याने गाडी उभी केली तेव्हा टॅक्सीतळावरच्या रखवालदाराने हात हलवला, इथे थांबायचं नाही. केझायाने जाकिटाची चेन वर ओढली, वाकून त्याच्या गालाला गाल लावला. "थँक्यू, डॅडी," ती म्हणाली. शाळेच्या फाटकाशी सोडलं की म्हणे तसं, घाईघाईने, नजर आधीच पलीकडच्या घोळक्यात. "मम्मीला नका सांगू." ती गेली. डावा खांदा वर. रखवालदाराने गाडीच्या टपावर थाप मारली. आज दुसऱ्यांदा कुणीतरी त्याला पुढे जायला सांगत होतं, आणि तो पुढे गेला. त्याला आठवलं की मघाशी तिने 'आपण' म्हटलं होतं. आपण केलंय हे सगळं. एवढाच एक शब्द त्याला दिवसभरात मिळाला होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

घरी वेरोनाने मटण टोमॅटोत शिजायला टाकलं होतं, काचांवर वाफ धरली होती. ती प्राथमिक शाळेत शिकवे आणि घरी आल्यावरही बराच वेळ तिचा आवाज वर्गातलाच असे. "दूध आणलंस?" तिने विचारलं. त्याने वाटेत दूध घेतलं होतं आणि ते गाडीतच राहिलं होतं. "मी आणते, तू बूट काढ," म्हणून ती किल्ली घेऊन बाहेर गेली. ऑब्री टेबलाशी बसला. त्या मोडलेल्या बरगडीबद्दल काय लिहायचं ते तो मनात जुळवू लागला: मोठ्या प्राण्याची स्थिती पाहता त्याचा हेतू सांगता येत नाही. हे वाक्य चांगलं होतं. त्यात चूक काढता आली नसती. वेरोना बाहेर अंमळ जास्तच वेळ होती. ती आत आली, दुधाची पिशवी तिने टेबलावर ठेवली, गॅस बारीक केला आणि मागे न वळता म्हणाली,

"पुढची सीट मागे झोपवलेली आहे."

ऑब्रीने दुधाची पिशवी आपल्याकडे ओढली.

"काही खाल्लं तिने?"

"चिप्स," तो म्हणाला. आणि मग, "तुला माहीत होतं? ती इथे आहे ते?"

वेरोनाने डावाने ढवळलं, डाव काढला, काठावर आपटला. दर गुरुवारी ती चर्चमधल्या बायकांबरोबर शिवणाला जाई. हिवाळा सुरू झाल्यापासून एकही गुरुवार तिने चुकवला नव्हता. ऑब्रीने ते बायकोच्या पाठीकडे बघता बघता जुळवलं, सावकाश, एकेक हाड. कुलूप बदलणारी हीच, आणि त्या कुंपणापाशी जाऊन उभी राहणारीही हीच, आणि या घरात त्यांनी एकमेकांना जोहान्सबर्गच्या हवामानाबद्दल विचारलं होतं.

"मागच्या गुरुवारी तिला बूट नेऊन दिले," वेरोना म्हणाली. आता तिचा आवाज वर्गातला नव्हता. "आत लोकर असलेले. त्याच्या आधीचे तिने विकले होते. आज गार होतं ना. पायात होते का?"

ऑब्रीने डोळे मिटले. तिचे दात त्याला दिसले, किडलेली दाढ, तिरका सरकणारा जबडा. मानेवरचे केस, काचेवरचे तळवे, पाठीचे मणके. ती त्याच्यापुढे डोंगरातल्या रस्त्यावर चालली होती आणि तो तिच्या मागे चालला होता, आणि गुडघ्यांच्या खाली त्या आठवणीत काहीच नव्हतं, नुसता ओला रस्ता होता.

"होते," तो म्हणाला.

वेरोना वळली. तिच्या चेहऱ्यावर इतकं काही उजळून आलं की त्याला तिकडे बघवेना.

"कुठले? तपकिरी?" तिने विचारलं, आणि डाव तसाच हातात धरून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.